चौथ्या गाण्यापासून पुढे

मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी ब्रेक असतो, क्लच असतो. स्टिअरिंग मात्र दुसऱ्याच्या हातात. मास्तरांनी अशा गाडीत निम्मं आयुष्य काढलं होतं. दुकानं उघडायच्या आधी पहिला विद्यार्थी, दिवे लागताना शेवटचा. मधे तेच रस्ते, तोच पेट्रोलपंपाचा वळसा आणि शाळेमागचा तोच चढ, जिथे प्रत्येकाची गाडी एकदा तरी मागे घसरते आणि प्रत्येक जण ब्रेकऐवजी मास्तरांच्या तोंडाकडे बघतो. "हळू. क्लच हळू सोडा. आरसा बघा." दिवसभर एवढंच बोलून घसा कोरडा पडायचा. घरी आल्यावर ते खुर्चीत बसायचे आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणायचे.

"शब्द सगळे बाहेर वाटून येता," बायको म्हणायची, "घरी नुसता हुंकार."

ह्याच गळ्यातून एके काळी एका गाजलेल्या रॉक बँडचा अख्खा अल्बम गायला गेला होता, हे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी ते कळूच दिलं नव्हतं.

त्या बँडचे तीन अल्बम डोक्यावर घेतले होते लोकांनी. आणि ऐन भरात गायक गिटारवाल्याशी भांडून चालता झाला. त्याला लोक अजूनही नुसतं 'पहिला' म्हणतात. त्याचा आवाज वर चढत जायचा, अजून वर, आता तुटेल असं वाटेपर्यंत, आणि तुटायचा नाही. तसा माणूस पुन्हा कुठून आणणार? मास्तर तेव्हा दिवसा रंगाच्या दुकानात डबे हलवायचे आणि संध्याकाळी एका हॉटेलात गायचे. गिटारवाला तिथे जेवायला आला होता. जेवण अर्धं टाकून उठला आणि म्हणाला, "सोमवारी ये."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. 

भाड्याच्या एका गोदामात रेकॉर्डिंग झालं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगल्या होत्या, आणि त्या गाद्यांना मागून ओल धरली होती. त्यावरूनच अल्बमचं नाव पडलं, 'ओली भिंत'. गिटारवाल्याची सूचना रोज एकच: "वर जा. तो जायचा तसा." ड्रमवाला अबोल माणूस, तो गमतीनं मास्तरांना 'बदली' म्हणायचा. रोजंदारीवर दुसऱ्याच्या जागी आलेला बदली कामगार असतो ना, तसा. गंमत गमतीत राहिली नाही. पुढे वर्तमानपत्रांनी तेच नाव उचललं.

अल्बम आला आणि पडला. 'दुधाची तहान ताकावर भागवा म्हणतात,' असं एकानं छापलं. कार्यक्रमांत पुढच्या रांगेतली पोरं स्टेजकडे पाठ करून उभी राहायची आणि पहिल्याच्या नावानं ओरडायची. एका गावात बाटली येऊन खांद्यावर बसली. मास्तरांनी गाणं पुरं केलं, मग आत जाऊन शर्ट काढून बघितलं. वर्षभरात पहिल्याचा आणि गिटारवाल्याचा समेट झाला. मॅनेजरचा फोन आला तेव्हा मास्तर घरी नव्हते. बायकोनं निरोप घेतला. "त्यांना म्हणावं, उद्या यायची गरज नाही."

"का?" तिनं विचारलं.

"अहो वहिनी, घरधनी परत आला," मॅनेजर म्हणाला आणि हसला.

त्यानंतर बँडनं त्या अल्बममधलं एकही गाणं कधी वाजवलं नाही. सगळे अल्बम एकत्र बांधून विकायला काढले तेव्हा हा एक तेवढा बाहेर राहिला. मास्तर कुणाशी भांडले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी गाणं सोडलं. इतकं, की आंघोळ करतानासुद्धा आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा. आपला बाप गायचा हे मुलीला शाळेत दुसऱ्याच्या बापाकडून कळलं. ती विचारायला आली तेव्हा मास्तर म्हणाले, "थोडे दिवस गायचो. बदलीवर." आणि बायकोनं स्वयंपाकघरातून जोड दिली, "सरकारी माणसाची बदली तीन वर्षांनी संपते. ह्यांची जन्मभर चालली आहे."

अशात एक बाई गाडी शिकायला आल्या. पस्तिशीच्या, शांत. दोन दिवस नीट शिकल्या. तिसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी उभी असताना म्हणाल्या, "मास्तर, एक सांगायचं होतं. मला गाडी येते."

"ते पहिल्याच दिवशी दिसलं," मास्तर म्हणाले. "गिअर न बघता टाकलात. म्हटलं, पैसे तुमचे, वेळ तुमचा."

"मी संगीतावर लिहिते. तुम्हाला फोन केले, तुम्ही उचलत नाही. मला 'ओली भिंत'वर लिहायचंय."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मास्तरांनी पाहिली होती, पण भांड्यासाठी फी भरणारी पहिलीच. ते समोर बघत राहिले. "दिवा हिरवा झाला," म्हणाले.

बाईंनी गाडी काढली. "तो त्या बँडचा सगळ्यात चांगला अल्बम आहे."

"नाही."

"का नाही?"

"पडला तो. वाईट होता म्हणून पडला."

"शेवटचा कधी ऐकलात?"

मास्तरांना आठवावं लागलं. "आला तेव्हा. एकदा."

"मग वाईट आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पुढे वळण होतं, मास्तरांनी आरसा बघायला सांगितलं. बाईंना गाडी येते हे विसरूनच गेले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग ऐका की एकदा," म्हणाली. "घोडं कुठे पेंड खातं ते तरी कळेल."

"तुला कसा वाटला होता?"

"मला पहिली तीन गाणी आवडली नव्हती. तेव्हा बोलले नाही. तुम्ही आधीच मेल्यासारखे झाला होतात."

"आणि बाकीची?"

"बाकीची तुम्ही ऐकलीत कुठे? तिसऱ्यालाच बंद केलं होतं. मी इथेच उभी होते."

रविवारी दुपारी मुलगी आली. तिनं फोन टेबलावर एका वाटीत ठेवला, म्हणजे आवाज जरा मोठा येतो, आणि अल्बम लावला. मास्तर हाताची घडी घालून बसले, एखादा विद्यार्थी परीक्षा देत असताना बसायचे तसे. पहिलं गाणं संपलं, दुसरं झालं, तिसरं झालं. त्यांचा चेहरा उतरत गेला. लोकांचं काही चुकलं नव्हतं. हा माणूस पहिल्याची नक्कल करत होता, आणि नक्कलही धड जमत नव्हती. चवड्यांवर उभं राहून फळीवरचा डबा काढावा तसा एकेक सूर.

मग चौथं गाणं लागलं आणि आवाज खाली आला.

मास्तरांनी घडी सोडली. हे गाणं त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. ऐकता ऐकता गोदाम आठवलं, ओलीचा वास आठवला. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती, वर जाता येत नव्हतं. गिटारवाला वैतागून तारा आणायला बाहेर गेला होता. ड्रमवाला म्हणाला होता, "तो येईपर्यंत असंच म्हणून टाक, तुला झेपेल तसं." आणि त्यांनी म्हटलं होतं. हॉटेलात म्हणायचे तसं, समोरच्या टेबलावरच्या माणसाला सांगावं तसं. गिटारवाला परत आला, ऐकलं. मग नव्या तारांवर त्यानं जे वाजवलं ते अगदी थोडं होतं, दोन ओळींच्या मधे येऊन मागे सरणारं. चौथ्यापासून पुढची सगळी गाणी तशीच झाली होती. कुणी ठरवलं नव्हतं.

अल्बम संपला. मुलगी बापाकडे बघत होती.

"सातव्यात ड्रम घाई करतो," मास्तर म्हणाले. मग उठले आणि दोरीवरचे कपडे काढायला गेले. कपडे अजून ओलेच होते. ते तिथेच उभे राहिले.

बाईंचा लेख आला. मास्तरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. 'लोकांनी हा अल्बम ऐकलाच नाही,' बाईंनी लिहिलं होतं. 'एक माणूस त्यात नाही, एवढंच लोकांनी ऐकलं.' पुढे त्यांनी दाखवलं होतं की वर चढणारा आवाज नसल्यामुळे गिटारला जागा सोडावी लागली, आणि बँडच्या गाण्यांतले शब्द पहिल्यांदा नीट कळू लागले. पहिल्या तीन गाण्यांबद्दल बाई जरा जास्तच मऊ होत्या, असं मास्तरांचं मत पडलं. पण लेख फिरला. ज्यांनी पाठ केली होती तेच आता 'आम्ही तेव्हाच म्हणत होतो' म्हणायला लागले. वारा फिरला की छपरावरचा पत्र्याचा कोंबडा फिरतो, त्याला काय लागतं? अल्बम पुन्हा छापला गेला, आणि इतक्या वर्षांनी गिटारवाल्याचा फोन आला.

"सगळा अल्बम स्टेजवर करतोय," तो म्हणाला. "पहिला गाणार आहे. तू ये. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतो."

"बरं," मास्तर म्हणाले.

बायकोनं हातातलं पातेलं आपटलं. "बरं? तुमचं पान, आणि जेवणार तो?"

"दमलोय गं मी," मास्तर म्हणाले. "भांडायचं तर त्यालाही अंगात काहीतरी लागतं."

आठवड्याभरात पहिला स्वतः आला. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या बंद कार्यालयाबाहेर गाडी पुसत होते. पहिला काठी टेकत आला, केस गेलेले, गळ्याला मफलर. दोघं आयुष्यात पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होते. मास्तरांनी गाडीचं दार उघडलं. बसायला दुसरी जागा नव्हती. पहिला स्टिअरिंगसमोर बसला, मास्तर आपल्या नेहमीच्या बाजूला.

"तो अल्बम मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला," पहिला म्हणाला.

"मीही. तिसऱ्याच्या पुढे."

"माझी नक्कल फार वाईट करतोस तू."

"हो. तिन्ही गाण्यांत."

पहिला हसला, हसता हसता खोकला. मग म्हणाला, "ती तीन मी म्हणेन. नीट म्हणून दाखवीन. पण चौथं येत नाही मला. जन्मभर वर राहिलो, खाली उतरता येत नाही. कसं म्हणतोस ते सांग."

कुणाला काही शिकवायचं असलं की मास्तर आधी त्यालाच करून दाखवायला लावायचे. "म्हणून बघा," ते म्हणाले.

पहिल्यानं म्हटलं. चार ओळींत तीनदा आवाज वर पळाला.

"पुढे कुणी बसलंय असं समजा," मास्तर म्हणाले. "हॉल नाही. एकच माणूस. त्याला ऐकू येतंय."

पहिल्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "तू म्हण."

मास्तरांनी काच वर केली आणि म्हटलं. आवाज कसला, नुसती माती झाली होती. मधे दोनदा हवाच आली. पहिल्यानं डोकं वर केलं नाही.

"गिटारवाल्याला मी सांगतो," गाणं संपल्यावर तो म्हणाला. "चौथ्यापासून पुढे तू."

"सगळी झेपणार नाहीत."

"मग चौथं तरी."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्यानं आपली तीन गाणी म्हटली, आणि मास्तरांना विंगेत उभं राहून कळलं की ती गाणी मुळात वाईट नव्हती. मग त्यांना बोलावलं. लोक उभे राहिले. टाळ्या इतक्या वेळ चालल्या की मास्तरांना कुठे बघावं कळेना. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, एक ओळ पूर्ण गेली. ड्रमवाल्यानं ती ओळ रिकामी सोडली आणि पुढच्या ओळीशी त्यांना उचलून घेतलं. शेवटी पुन्हा तेवढ्याच टाळ्या. मास्तरांनी वाकून नमस्कार केला आणि खुर्ची शोधली. उरलेली गाणी पहिल्यानं आपल्या पद्धतीनं वर नेली, आणि लोकांना तीही आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नाश्त्याला होती. तिची झोप झालेली नव्हती. फोनवर लोक काय काय लिहीत होते ते ती वाचून दाखवत होती.

"लेखाला टाळ्या वाजवल्या त्यांनी," मास्तर म्हणाले. "गाणं काही धड झालं नाही."

"दुसऱ्या कडव्यात गेलात तुम्ही," बायको म्हणाली.

"हो."

"बाबा, ते पुढच्या गावीही बोलावतायत तुला."

"नाही जाणार. नाही होत आता." ह्यात रुसवा नव्हता, चढ दिसला की गाडीचा जीव किती आहे हे चालवणाऱ्याला कळतं, तितकं साधं होतं. मग त्यांनी चहाचा कप सरकवला. "पण अल्बम चांगला आहे. तेव्हा चांगला होता. मला कुणी सांगायला नको होतं ते, मीच बसून ऐकायला हवं होतं."

"आणि पहिली तीन?" मुलीनं विचारलं.

"मी म्हटलेली ती तीन टाकून द्यावीत. पाचव्यात बासवाल्यानं काय केलंय ते ऐकलंस तू? त्याला कुणी सांगितलं नव्हतं ते." आणि त्यांनी बोटांनी टेबलावर ते वाजवून दाखवायला सुरुवात केली, मधेच थांबून, चुकून, पहिल्यापासून. बायकोनं कामावर जायची वेळ झाल्याचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "हं," आणि सहाव्या गाण्याकडे वळले.