आबांच्या गाडीचा जेट

शनिवारी दुपारी आबांच्या मोटारसायकलच्या जेटची खाच माझ्या हातून उडाली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जेट म्हणजे कार्बोरेटरच्या पोटातला पितळी स्क्रू. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून इंजिनाला मोजून पेट्रोल मिळतं. डोक्यावर पेचकसासाठी खाच असते, आणि तीच मी खाऊन टाकली होती. पेचकस नुसता घसरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून ही गाडी न्यायला जळगावला येणार होता.

आबा शेवटची वर्षं माझ्याकडे होते, म्हणून गाडीही माझ्याच अंगणात. ते गेल्यावर वाटण्या झाल्या. वावर, विहीर, घर, सगळं एका बैठकीत मिटलं. अडलं ते या चाळीस वर्षांच्या टू-स्ट्रोक धुडावर. धाकटा हटूनच बसला, गाडी मलाच पाहिजे. अरे, तुला कशाला? मग मीही पेटलो, किल्ली दिली नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात समोर आला तरी मी मान फिरवायचो, आणि मग घरी येऊन बायकोवर चिडायचो. शेवटी यंदा मीच नमलो, ने बाबा म्हणून निरोप धाडला. त्याचा फोन आला. दोन वर्षांनी आवाज ऐकला, तर काय म्हणावं यानं?

"मी रविवारले येस. गाडीले हात लाऊ नको, भाऊ."

हात लावू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात, हा जन्माचा रोग. शिवाय बंद गाडी टेम्पोत घालून नेली, तर गावात पारावर बसलेले म्हणणारच, मोठ्या भावानं भंगार दिलं. ते मला सोसणारं नव्हतं. गाडी चालू करून, पुसून, वर नारळ फोडून द्यायची, असं मी ठरवलं.

साफ करायचा म्हणून जेट काढायला गेलो, तर तो असा बसला होता, की कुणी राग काढून आवळला असावा. डिझेलमध्ये बुडवून ठेवला, गरम पाण्यात धरला. हलायचं नाव नाही. मग पेचकसावर हातोडी मारली, तिथंच झक मारली. चौकातल्या मेकॅनिककडे पळालो. तो म्हणाला, "काका, ड्रिल मारतो. पण कार्बोरेटरचं भांडं तडकलं तर मला बोलायचं नाही." कंपनी बंद पडून जमाना झालाय, तसला कार्बोरेटर कुठून आणू? आणि धाकट्याला काय सांगू? तो म्हणणार, द्यायचीच नव्हती म्हणून मुद्दाम मोडली. मग पुढची बोलाचाली सरणावरच. मी कार्बोरेटर कापडात गुंडाळून घरी आणला. जेवण गेलं नाही.

या गाडीनं मला आधीही एकदा गोत्यात आणलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. भुसावळला रेल्वेच्या नोकरीची परीक्षा होती आणि नरडाण्याहून ट्रेन पकडायची होती. उशीर झाला म्हणून आबांची गाडी घेतली आणि जोरात हाणली. अर्ध्या रस्त्यात पिस्टन धरला, इंजिन जाम. ट्रेन गेली, परीक्षा गेली. संध्याकाळी आबांनी चावडीसमोर, चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली. "गाडी जाळली यानं," म्हणाले. त्यानंतर मला किल्ली कधीच मिळाली नाही. शाळेत कारकुनी करून रिटायर झालो, पण तो कान अजून गरम होतो.

रविवारी उजाडल्यावर बायको म्हणाली, "मागच्या गल्लीतल्या सोनारनानांना दाखवा की. त्यांची करवत केसाएवढी असते." आयला, हे मला कसं सुचलं नाही! जळगावात राहून सोनार आठवू नये!

नानांनी भिंग डोळ्याला लावलं, कार्बोरेटर लाकडी ठोकळ्यावर धरला. जेटचं डोकं जरासं वर होतं, तेवढ्यावर त्यांनी करवतीचं नुसतं पातं हातात धरून जुन्या खाचेला आडवी नवी खाच पाडायला घेतली. खाली कागद धरला होता. पितळाचा भुगासुद्धा सवयीनं गोळा होत होता. मी म्हटलं, "नाना, सोनं नाही ते." ते हसले नाहीत. "बोलू नका, हात हलतो."

तेवढ्यात बायकोचा फोन. "भाऊजी आलेत. कार्बोरेटर कुठंय विचारताहेत. चहासुद्धा घेतला नाही. तिकडेच निघालेत."

पाच मिनिटांत धाकटा दारात उभा. डोक्यावर टोपी, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता आरडाओरडा करणार. पण तो बाकावर टेकला आणि नानांच्या हाताकडे बघत राहिला.

नानांनी नव्या खाचेत पेचकस बसवला. "आधी जरा आवळायचा, मग सोडायचा," असं पुटपुटत मनगट दाबलं. टक्क आवाज झाला. गेलं भांडं! मी डोळे मिटले. उघडले तर नाना जेट फिरवत होते. सुटला होता!

"अरे, हे काय?" जेट भिंगाखाली धरून नाना म्हणाले. चिमट्यानं त्यांनी भोकातून तांब्याच्या वायरीचा एक काळा पडलेला धागा ओढून काढला.

हा आमच्याकडचा जुना चाळा. जेटमध्ये तार घातली की पेट्रोल कमी जातं, अ‍ॅव्हरेज वाढतं. आबांसारख्या हळू चालवणाऱ्याला काही होत नाही. पण जोरात हाणली की इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो.

माझा कान तापला. "कुणी घातली ही?"

"मी टाकेल व्हती," धाकटा म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "चौदा वरीसना व्हतू. चोरीसन गाडी फिराये. आबा टाकीमा काडी बुडाईसन पेट्रोल देखेत. कमी दिखाले नको म्हणीसन तार टाकी."

"आणि नरडाणा?"

"तुले मार पडना तवय मी चावडीमांगे उभा व्हतू. सांगानी हिंमत नही झायी. मंग कधीच नही झायी. तुना हातमा ती तार सापडाले नको, म्हणीसन गाडी मांगी रे भाऊ. दुसरं काहीच नही."

असा संताप आला, की हात उचलला गेला. माझी नोकरी, माझी अब्रू, ही दोन वर्षं, सगळं या केसाएवढ्या तारेपायी! धाकट्यानं डोळे गच्च मिटले, लहानपणी आबांसमोर मिटायचा तसेच. डोक्यावर एक केस काळा उरला नव्हता त्याच्या. माझा हात तिथंच राहिला, आणि मला रडूच फुटलं. नाना उठून पाणी आणायला आत गेले.

बऱ्याच वेळानं मी जेट उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि पेचकस दिला.

"बसव तूच," मी म्हटलं. "आणि या वेळी एवढा आवळू नको."