पन्हळीखालचं कासव

शरणार्थ मंडळी! आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. उदगीरच्या कमलताई, गुडघ्याला तेल लावणं चालू आहे का आरंभशूरपणा झाला? निलंग्याचे मास्तर, मोतीबिंदू काढल्यावर अक्षर नीट दिसतंय ना? किल्लारीच्या सूनबाई, मळमळ थांबली का गं? आल्याचा रस घे, उपाशी राहू नकोस. आणि पुण्याचे आमचे जावईबापू, तुमचं ते बीपी उतरलं का? मी ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत, की एकाहत्तराव्या वर्षी शेणकुटाच्या बाजूला फतकल मारून दगड चाटून आले. हसू नका. सगळं सांगते.

माझी भाची वैशू नांदेडला राहून पीएचडी करते. विषय काय, तर जुन्यापुराण्या कासवांची हाडं. डायनासोर होते ना, त्यांच्या शेवटच्या दिवसांतली कासवं. आपल्याकडं तेव्हा लाव्हाचे थर पसरत होते. एक थर पसरून गार झाला की मध्ये बराच काळ शांतता. तेवढ्यात वर तळी साचायची, गोगलगायी, बेडूक, कासवं सुखानं नांदायची, मग पुन्हा लाव्हा यायचा. म्हणजे दोन काळ्या भाकऱ्यांच्या मध्ये पिठल्याचा थर बसावा तसं. वैशू ते पिठलं चिवडते.

फाल्गुनात तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मावशी, सर म्हणतात पावसाळ्याच्या आत डोक्याचा नाहीतर जबड्याचा तुकडा आण. नाहीतर कासवाचं प्रकरण प्रबंधातून काढून टाक."

"अगं, पोतंभर हाडं आहेत की तुझ्याकडं!"

"ती सगळी पाठीच्या कवचाची. त्यावरून घराणं नक्की ठरत नाही."

मला पटलं. गोधडीचे तुकडे सापडले म्हणून ती कोण पांघरत होतं ते कुठं कळतं? तोंड बघावं लागतं. सोबतीला यायची तिची मैत्रीण आजारी पडली होती. मी म्हटलं, मी येते. घरात सगळे माझ्याकडं बघतच राहिले.

लातूरहून नांदेडला अहमदपूर-लोहा मार्गानं एसटी भरपूर आहेत. सकाळची धरा, ऊन डोक्यावर यायच्या आत पोचता. रस्ता आता बरा झालाय, पण मागच्या बाकावर बसू नका, कंबर तुमची आहे. तिकीट काढताना मी कंडक्टरला विचारलं, "बाई म्हणून अर्धं, म्हातारी म्हणून अर्धं. दोन अर्धी मिळून फुकट का न्हाई?"

तो म्हणाला, "आक्का, तसं असतं तर माझा बाप रोज लुगडं नेसून आला असता." अख्खी गाडी हसली.

नांदेडला बसस्टँडजवळच्या एका चाचांच्या हॉटेलात साधी तहरी खाल्ली, म्हणजे हळदीचा मसालेभात. बिनमांसाची आहे ना, हे मी तीनदा विचारलं. चाचा म्हणाले, "अम्मा, आलू की कसम!" वर दह्याची वाटी फुकट दिली.

रात्री वैशूच्या खोलीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आदिलाबादकडं जाणारी रेल्वे धरली. ती हिमायतनगरला थांबते. माहूरच्या रेणुकामातेला जाणाऱ्यांनी याच गाडीनं किनवटपर्यंत जाऊन पुढं बस घ्यावी. आम्ही हिमायतनगरला उतरलो, तिथून जीपनं एका खेड्यात. जीपवाला माणसं भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा पाणी आणि टोपी जवळ ठेवा.

त्या गावात दत्तराव नावाच्या शेतकऱ्यानं गेल्या उन्हाळ्यात विहीर खोदली. काळ्या दगडाखाली पांढरट, मऊ थर लागला आणि त्यातच वैशूला कवचाचे तुकडे मिळाले होते. विहिरीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाचा अर्धा भाग तिनं तेव्हाच तपासला होता. उरलेल्या अर्ध्यावर आता सगळी भिस्त. पाणंदीवरून, म्हणजे शेतवाटेवरून, जाताना पोरगी जवळजवळ पळत होती, मी मागं धापा टाकत.

पोचलो तर जागा सपाट. ढीग नाहीच.

"ताई, लई वाट बघितली तुमची," दत्तराव टोपी हातात घेऊन उभे. "दिवाळीत पाणंदीचं काम निघालं. गावानं मुरूम मागितला. न्हाई कसं म्हणू?"

शेताकडं येणाऱ्या ज्या पाणंद रस्त्यावरून आम्ही धावत आलो, त्याच्याच पोटात वैशूची कासवं. वरून रोलर फिरलेला. पोरगी खाली बसली आणि चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. मी माझी टोपी तिच्या डोक्यावर घातली. दत्तरावांनाही बघवेना. म्हणाले, "उन्हात बसू नका. घरी चला, माय भाकरी करून राहिली."

घर माळवदाचं. नव्या पोरांसाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे थर देऊन केलेलं सपाट छत. खाली असा गारवा की पंख्याची आठवण होत नाही. दत्तरावांची आई शेवंताबाई, माझ्याच वयाच्या, तोंडानं माझ्याहून तिखट. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. एवढं सुंदर जेवण, पण वैशूचा घास तोंडात फिरत होता.

तेवढ्यात वर मांजर धावलं आणि छतातून भुरभुर माती वैशूच्या ताटात पडली.

"आगं माय!" शेवंताबाई ओशाळल्या. "मेलं मांजर! थांब पोरी, ताट बदलून देते."

वैशूनं ताट दोन्ही हातांनी धरलं. "ताटाला हात लावू नका!"

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. ती भाकरीवरचा पांढरा कण बोटावर घेऊन भिंग लावून बघत होती. गोगलगायीच्या शंखाचा तुकडा! विहिरीच्या त्या थरात तसे शंख ढिगानं सापडले होते.

"आजी, ही माती कुठली?"

"कुठली म्हंजे? इहिरीचीच. पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती घालावी लागतीच की. चार पाट्या वाढवूनच घातली, गळायला नको म्हणून."

वैशू ताटावरून उठलीच. दत्तराव दारात आडवे झाले. "ताई, तुमच्यासाठी जीव देतो, पर छत उकरू देणार न्हाई. लेकरंबाळं झोपतात खाली."

"छत नको हो मला! आजी, माती तशीच घातली का?"

"तशी कशी घालीन? अडाणी हाय का मी? चाळून घातली. खडे राहिले की माळवद गळतं."

"आणि चाळणीतले खडे?"

"ते परसात, पन्हळीखाली. छताचं पाणी धबाधबा पडतं, जमिनीला भोक पडतं. म्हनून खडे टाकले."

वैशूनं माझ्याकडं बघितलं आणि मला तशीच खरकट्या हातानं ओढत परसात नेलं.

पन्हळीच्या तोंडाखाली खड्यांचं लहानसं आळं होतं, एका बाजूला शेणकुटं रचलेली. वैशूनं मला समजावलं. त्यांच्या प्रयोगशाळेत अशी माती पाण्यात भिजवतात, चाळतात, धुतात, मग उरलेलं निवडतात. त्यात महिने जातात. इथं शेवंताबाईंनी चाळलं आणि अख्ख्या पावसाळ्यानं पन्हळीतून धुऊन दिलं. आता फक्त निवडायचं होतं, आणि निवडणं म्हटलं की मला कोण शिकवणार? जन्मभर तांदूळच निवडलेत की.

हाड ओळखायची एक युक्ती आहे. खडा स्वच्छ धुवायचा आणि जिभेला लावायचा. दगड निसटतो, जुनं हाड बारीक छिद्रांमुळं जिभेला चिकटतं. आम्ही दोघी बादलीत खडे धुऊन चाटत बसलो. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आक्का, या वयात माती खायचे डोहाळे लागले व्हय तुमाला?"

"लागले ना! तुम्हीच ओटी भरा आता."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि खाली बसून खडे धुवायला लागल्या.

चिकटलं की हाडाच्या ढिगात, निसटलं की टाकाऊ ढिगात. ऊन कलेपर्यंत कवचाचे बरेच तुकडे निघाले. जबडा नाही. वैशूचा चेहरा पुन्हा उतरला. पण तिची एक शिस्त आहे, टाकलेला ढीग परत बघितल्याशिवाय उठायचं नाही. माझा टाकाऊ ढीग तिनं पुढं ओढला आणि एकेक खडा उलटा करायला लागली.

मग तिचा हात थांबला.

अंगठ्याएवढा, सुपारीच्या खांडासारखा तुकडा. एका बाजूनं वाकलेला, दुसरीकडून रुंद आणि गुळगुळीत.

"मावशी, हा तू टाकलास?"

"चिकटला नाही गं माझ्या जिभेला!"

"जीभ दाखव."

दाखवली. लालभडक! खडे धुता धुता शेवंताबाईंनी विडा दिला होता, तो दाढेखाली तसाच. काथ-चुन्याचा थर बसलेल्या जिभेला काय चिकटणार, कपाळ! वैशूनं तो तुकडा आपल्या जिभेला लावला आणि हात सोडला. तुकडा लोंबत राहिला. डोळ्यांत पाणी, जिभेला जबडा आणि बोलता येईना, अशी ती परसभर नाचली. कोंबड्या उडाल्या. दत्तराव धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला.

कासवाला दात नसतात म्हणे. हा जबडा रुंद आणि जाड, गोगलगायींचे शंख फोडून खायचा. आणि शंख तर त्याच थरात ढिगानं!

निघताना शेवंताबाई म्हणाल्या, "न्या, पर आमच्या गावाचं नाव लिवा त्याच्यावर." तिथल्या तिथं वैशूनं डबीवर गावाचं नाव लिहिलं. अशा नमुन्यावर गावाचं नाव लागतंच, पण मागितल्यावर लिहिण्याची मजा वेगळी.

मी परत येऊन आता महिना होत आला. जीभ चार दिवस खरखरीत होती, कंबर अजून कुरकुरते. काल वैशूचा फोन आला. सरांनी जबडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, प्रकरण प्रबंधात राहणार. वर म्हणाली, "मावशी, वर्षभर त्याला मी चुकीच्या घराण्यात घालून बसले होते. सगळं पुन्हा लिहावं लागणार!" हे सांगताना खिदळत होती. चूक सापडल्याचा एवढा आनंद मी आजवर कुणाला झालेला बघितला नव्हता. मला फार गोड वाटलं ते.

आता तिला दुसरा जबडा हवाय, पहिल्याशी ताडून बघायला. विहिरींची कामं सुरू झालीत. मंडळी, तुमच्या शिवारात कुठं दोन काळ्या दगडांच्या मध्ये पांढरी माती लागली असेल, तर स्वतः काही उकरू नका, नुसता ढीग तेवढा थोपवून धरा आणि मला कळवा. पाणंदीचं काम निघायच्या आत लिहा. लवकर लिहा.