वहिनीचा हात

हे मी आजवर कुणापुढे उघडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, आणि देवापुढे — देवापुढेही हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. आता तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि बोलते. बोलायची मला खोडच आहे. तीच नडली.

माझं माहेर आगाशीचं, केळीची वाडी. दिवाळी झाली की मी नाशिकहून सुकेळीच्या हंगामाला येते, ती शिवरात्रीपर्यंत राहते. चाळीस वर्षांचा नेम. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या उंच मांडवावर उन्हात मांडायची आणि दिवस कलताना, दव पडायच्या आत, गोळा करून टोपलीत सुक्या पानांखाली झाकायची. सकाळी पुन्हा उन्हात. असे सात-आठ दिवस. मधली एक संध्याकाळ चुकली की सगळं गेलं — आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मग मला ठाऊक नव्हतं का? होतं हो.

ही गोष्ट घडली तेव्हा भावाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वहिनी नवी, बुजरी, पण हात काय चलाख! केळं सोललं तर एक शीर मागे राहायची नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगायची. मला ते टोचत असेल का? — असेल कशाला, टोचायचंच.

त्या संध्याकाळी केळी गोळा करायचं काम माझं होतं. वहिनी पाळी आली म्हणून मागच्या पडवीत बाजूला बसलेली, आई देवळात गेलेली. आणि मी कुंपणाशी शेजारच्या मैत्रिणीबरोबर बोलत उभी राहिले. किती वेळ? घराघरांत दिवे लागले, इतका. मांडवाशी आले तर केळी हाताला गार, ओली. पदराने पुसली, टोपलीत दडपली. कुणाला काय कळतंय?

दुसऱ्या दिवशीही मीच मांडली, मीच झाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पानं बाजूला केली. आंबूस वास, वर पांढरी बुरशी. मांडवभर केळी गेली.

आईने एवढंच विचारलं, "कोन शिवलं याला?"

दव लागलं का, हे तिने विचारलंच नाही. माझं काम होतं ना — त्यात चूक होईल हे तिच्या मनातही आलं नाही. मी गप्प बसले असते तर भित्री ठरले असते, बस. पण मी गप्प बसले नाही. म्हणाले, "परवा वहिनी इथून गेली. मी पाहिलं."

वहिनी म्हणाली, "नाही हो वन्सं, मी पडवीतून उठलेसुद्धा नाही." पुन्हा एकदा तेच म्हणाली. भाऊ नासकी टोपली उचलून उकिरड्यावर टाकायला गेला.

त्या दिवसापासून वहिनीने मांडवाला हात लावलेला नाही. आधी आई लावू देईना. मग आळीत बोललं जाऊ लागलं, हिच्या हाताला गुण नाही. लोणच्याची बरणी असो, पापडाचं पीठ असो, ती आपणच मागे सरकायची. आता आई नाही. वहिनीची पाळी जाऊनही कैक वर्षं झाली. तिला अडवणारं घरात कुणी उरलेलं नाही.

या हंगामात तिची नवी सून कामावरून रजा काढून मदतीला उतरली. केळी मांडता मांडता मला विचारते, "आत्या, मम्मी कधीच मांडवावर का येत नाहीत? नुसतं बसून बोअर नाही होत त्यांना?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं — जिभेवर आलं होतं. तेवढ्यात वहिनीच हसत म्हणाली, "अगं, माझा हात वाईट. नवी होते तेव्हा चुकून शिवले आणि अख्खा मांडव नासला. विचार वन्संना, त्यांनी पाहिलंय."

चुकून शिवले, म्हणाली. म्हणजे तिला आता ते आठवतं. मी रचलेलं, कधी न घडलेलं — तिला स्वतःची पावलं तिकडे जाताना आठवतात.

सून माझ्याकडे बघत होती. आणि मी, कुंपणाशी तासभर बोलू शकणारी बाई — मी मान डोलावली.

मग दिवस कलला. मी केळी गोळा केली, दव पडायच्या आत. वहिनी खाली बसून सुकी पानं पुसून एकेक वर देत होती, बोटं मांडवाच्या काठाला लागू न देता.