सुटीतला लेफ्ट आऊट

मिठबावपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या आतेभावाइतका नियमाने वागणारा माणूस झाला नाही, आणि नियमाने वागून स्वतःची इतकी पंचाईत करून घेणाराही झाला नाही. तो सैन्यात अधिकारी होता आणि फुटबॉल खेळायचा. कशावरही अन्याय न करता ही दोन्ही कामं करायची असं त्याने ठरवलं होतं. बाकीचं सगळं त्या ठरवण्यातून घडलं.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत निवडला गेला, तेव्हा मिठबावात तो शब्द कुणाला धड उच्चारता येत नव्हता. तो मिलट्रीत गेला एवढं गावाला समजलं आणि तेव्हापासून त्याचं नावच मिलट्री पडलं. पहिल्या सुटीला आला तो घराची पलटण करायला लागला. ओटीखालच्या वहाणा लहान ते मोठ्या अशा रांगेत लागल्या. पाहुणे निघाले की त्यांना आपल्या वहाणा शोधत रांगेच्या टोकापर्यंत जावं लागे. आतेचं अंथरूण तो इतकं ताणून घालायचा की तिला आत शिरता येईना. ती मुकाट्याने बाजूला चटई टाकून निजायची आणि सकाळी अंथरुणावर एक सुरकुती नाही हे पाहून हा खूश. जेवायला बसला की आधी मनगटावरचं घड्याळ पाहायचा. चुलीवरची माशाची आमटी अजून उकळायची असली तरी वेळ म्हणजे वेळ. कोरडा भात खाऊन उठायचा आणि वर आतेला सांगायचा, "आई, आमटी उशिरा आली."

"आमटी खंयसून येवची होती रे?" आते विचारायची. "देवगडसून?"

पहाटे तो पाठीवर ओल्या वाळूने भरलेलं पोतं बांधून किनाऱ्यावर धावायचा. पहिल्या दिवशी कोळणींनी पाहिलं, दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीने. शेजारची काकी आतेला विचारायला आली, "तुझ्या झिलाचो कसलो नवस आसा गो ह्यो?"

"सरकाराचो नवस," आते म्हणाली. "फेडतासा बापडो."

फुटबॉल मात्र त्याला सरकारने शिकवला नव्हता. ओहोटीच्या वेळी कडक झालेल्या वाळूवर आम्ही काथ्या वळून केलेला चेंडू खेळायचो, अनवाणी. त्याचा डावा पाय असा होता की चेंडू पायाला बांधल्यासारखा बरोबर जायचा. प्रबोधिनीत त्याला बूट मिळाले तेव्हा पहिले आठ-पंधरा दिवस तो दुसऱ्या कुणाचे तरी पाय उसने घेतल्यासारखा धावला. मग बूट सरावाचे झाले आणि दोन वर्षांत तो सैन्याच्या संघात डाव्या कडेने चढाई करणारा लेफ्ट आऊट म्हणून खेळू लागला. मैदानातही त्याची शिस्त सुटली नाही. ज्याला चकवून पुढे जायचा त्याला जाता जाता "सॉरी" म्हणायचा. गोल झाला की बाकीचे मिठ्या मारत आणि हा तोंड फिरवून आपल्या जागेवर धावत जाऊन उभा राहायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "जागा रिकामी ठेवून चालत नाही."

मुंबईच्या एका कापडगिरणीच्या संघाचे सेक्रेटरी त्याला एका स्पर्धेत पाहून गेले, आणि तो सुटीवर असल्याचा पत्ता काढून मिठबावला आले. बोटीने देवगडला उतरले, तिथून बैलगाडीने. बोट लागून ते इतके हिरवे पडले होते की आतेने आधी त्यांना पेज पाजली आणि मग नाव विचारलं. तरतरी आल्यावर त्यांनी सांगितलं की गिरणी याला दरमहा पगार देईल, राहायला खोली देईल, काम नावापुरतं असेल, आणि बाकी वर्षभर फक्त खेळायचं.

आतेने नीट ऐकून घेतलं. "चेंडवाक लाथ मारूक तुमी पगार देतास?"

"देतो की, बाई."

ती मुलाकडे वळली. "आणि तू थंय बर्फात बंदूक घेवन उभो रवतंस? तुका अक्कल आसा?"

तो पाहुण्यांसमोर पाठ ताठ करून बसला होता. प्रबोधिनीने आपल्याला शिकवलं, वाढवलं, त्या बदली ठरावीक वर्षं नोकरी करायचं आपण सही करून कबूल केलेलं आहे, असं त्याने शुद्ध मराठीत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, त्यात काय, राजीनामा द्या, वरचं आम्ही बघून घेऊ. "वर माझेच साहेब आहेत," हा म्हणाला. "त्यांना बघून कसं घेणार?"

पण सेक्रेटरी गेल्यानंतर दुपारी जेवताना त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. तो म्हणाला, "नोकरी रवतली रे. पाय रवचे नाय." एवढंच. त्याला खेळायचं होतं, पोटभर आणि रोज, पाय आहेत तोवर. पण ते कुणापुढे मागायचं हे त्याला कळत नव्हतं.

ते आतेला कळत होतं. आमच्याकडे मोठा निर्णय ग्रामदेवाला विचारल्याशिवाय होत नाही. पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली की देवाचा होकार. दुसऱ्या दिवशी आते आम्हा सगळ्यांना घेऊन देवळात गेली. गुरवाने हात जोडून मोठ्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक बंदुकीपासून सोडव आणि चेंडवाक लाव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. हाही म्हणाला, सावधान उभं राहून.

"मुंबैच्या मैदानात त्येचा नाव होवंदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

उजवी पाकळी लगेच पडली. आतेने डोळे पुसले आणि गुरवाला नारळ दिला.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने पलटणीत जाऊन राजीनाम्याला घरची अडचण, आईची तब्येत असं काहीतरी कारण दिलं असतं. याने अर्जात 'कारण' या शब्दापुढे ग्रामदेवाचा कौल मिळाल्याचं लिहिलं. तेच खरं कारण होतं, म्हणून तेच लिहायचं. त्याच्या साहेबांनी, ते दक्षिणेकडचे होते, त्याला बोलावून घेतलं. पुढचा संवाद त्याने मला पुढे कितीदा तरी सांगितला आणि दर वेळी जराही न हसता सांगितला.

"हा देव आपल्या सैन्यात कुठल्या हुद्द्यावर आहे?" साहेबांनी विचारलं.

"सैन्यात नाही, साहेब. आमच्या गावात आहे."

"मग त्याचा हुकूम माझ्याकडे योग्य मार्गाने यायला हवा."

"आईमार्फत आला आहे, साहेब."

साहेबांनी अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी निकाल दिला. कबूल केलेली वर्षं भरल्याशिवाय सुटका नाही. पण वर्षाची दोन महिन्यांची सुटी तुझी आहे, त्यात खुशाल मुंबईला जाऊन खेळ. खेळाचा पगार घ्यायचा नाही. आणि सुटी संपेल त्या सकाळच्या हजेरीला इथे उभं राहायचं. एकदा चुकलास तर पुढची सुटी मिळेल, खेळाची परवानगी मिळणार नाही.

अशी त्याची ती विचित्र कारकीर्द सुरू झाली. दहा महिने पलटण, दोन महिने गिरणी. पावसाळा सरता सरता तो मुंबईत उतरायचा, संघाच्या खोलीतल्या सगळ्यांच्या चादरी ताणून घालायचा आणि मैदानात उतरून प्रतिपक्षाला "सॉरी" म्हणत गोल करायचा. पगार घेता येत नाही म्हणून गिरणीने मोसमाच्या शेवटी त्याला कापडाचे तागे दिले. तेही स्वतःसाठी घेणं नियमात बसत नव्हतं. त्याने ते थेट गावी पाठवून वाडीत वाटायला सांगितले. त्या दिवाळीला मिठबावची आमची अख्खी वाडी, भटजी धरून, निळ्या बारीक रेघांच्या कापडात फिरत होती. देवगडच्या बाजारात लोक विचारायचे, तुमच्याकडे काय शाळा काढली आहे काय?

तागे आले, पण तो आला नाही. सगळी सुटी मुंबईत संपत होती. आतेने दोन दिवाळ्या वाट पाहिली आणि मग गुरवाला गाठलं.

"तुझ्या गाऱ्हाण्यात घराचा नावच नाय होता," ती म्हणाली. "बंदूक इली, चेंडू इलो, मुंबै इली. माझ्या घराक येवंदे म्हणूक तुझा तोंड दुखत होता?"

"तू सांगूक नाय मगे," गुरव म्हणाला. "देवाक सांगलला तेवढाच कळता."

आता पुन्हा कौल लावू, असं तो म्हणाला. आतेने नको म्हटलं. तो खेळतोय तोवर खेळू दे, पुढे येईल घरी. तिच्या मनात एकच होतं, एवढ्या दिवाळ्या घालवल्या त्याचं काहीतरी झालं पाहिजे. मोठा चषक तरी.

तिसऱ्या वर्षी गिरणीचा संघ मोठ्या चषकाच्या अंतिम सामन्याला पोचला. मी तेव्हा मुंबईत एका गुदामात कामाला होतो, त्यामुळे तो सामना मी डोळ्यांनी पाहिला. हा जीव तोडून खेळला. एक गोल त्याने केला, एक समोरच्यांनी फेडला, आणि सामना बरोबरीत सुटला. पंचांनी जाहीर केलं की उद्या पुन्हा सामना. आणि याची गाडी त्याच संध्याकाळची होती. ती चुकली असती तर हजेरी चुकली असती.

कपडे बदलायच्या तंबूत सेक्रेटरी त्याच्या समोर उभे राहिले. "तार करा. एक दिवस वाढवून मागा. अंतिम सामना आहे, कोण नाही म्हणेल?"

"कुणी नाही म्हणणार नाही," तो बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला. "म्हणूनच करत नाही."

"म्हणजे?"

"साहेबांनी मला एकच अट घातली. ती मी मोडली आणि त्यांनी सोडून दिली, तर उद्या शिपायाला मी कुठल्या तोंडाने अडवू?"

सेक्रेटरी चिडून म्हणाले, तुम्हाला चषक नको आहे. नाडीची गाठ त्याला सुटत नव्हती. शेवटी मी खाली बसून सोडवली.

त्याची ट्रंक घेऊन मी स्टेशनवर गेलो. गाडी सुटायला वेळ होता. त्याने रुळांकडे पाहत विचारलं, "उद्या लेफ्ट आऊट कोण?"

रंगखात्यातला एक कारकून, मी सांगितलं.

"त्येका सांग, तेंचो राईट बॅक आत वळताना अडखळता. डाव्या पायार. बाहेरून जावचा नाय, आतसून घुसाचा." मग गाडी हलली तेव्हा खिडकीतून पुन्हा म्हणाला, "आतसून. इसरू नको."

मी निरोप पोचवला. दुसऱ्या दिवशी तो बॅक खरोखर तिथेच अडखळला, कारकून आतून घुसला, आणि गिरणीने चषक जिंकला.

मिलट्री वेळेवर पोचला. तिथे काय चाललं होतं ते त्याने मला पुढे सांगितलं. कुणी बडे अधिकारी तपासणीला यायचे होते म्हणून सगळी पलटण रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावत होती. साहेबांनी त्याला पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "आलास. बरं झालं." मग यानेही एक कुंचला उचलला.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींचं पत्र आलं नाही. कारकून चांगला खेळत होता. त्यानंतर याला बढती मिळाली, सीमेवरचे दिवस बदलले, सुट्या आखडल्या, आणि सही केलेली वर्षं भरून सुटायची मोकळीक मिळाली तोवर पाय गेले होते. तो नोकरीतच राहिला. नव्या रंगरुटांना फुटबॉल शिकवायचा आणि चांगला शिकवायचा, असं ऐकलं.

चषकानंतर तो घरी आला तो वर्षभराने. तोवर कुणीतरी मुंबईहून वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं, विजयी गोलाच्या क्षणाचा फोटो. आतेने ते चौकटीत घालून ओटीवर लावलं होतं. फोटोत कारकुनाच्या मागे एक खेळाडू पुसट दिसतो. त्याच्यावर बोट ठेवून ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "ह्यो माझो झील. ह्येना चषक जिंकल्यान."

त्या दिवशी शेजारची काकी जवळ जाऊन निरखत होती. "तोंड दिसना नाय गो."

"धावतासा तो," आते म्हणाली. "दिसतलो कसो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. भटजींचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तरी भर पूजेत सांगणारा हा माणूस. तो आत गेला, तांब्याभांडं आणून काकीपुढे ठेवलं, आणि पाणी थंड आहे एवढं सांगितलं.

आतेला जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त होऊन तो मिठबावलाच राहतो. कात्रण पिवळं पडलं आहे, तो पुसट खेळाडू तर जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. नवखं कुणी आलं आणि त्याने विचारलं की यात तुम्ही कुठले, तर तो उठून उभा राहतो, फोटोजवळ जातो आणि आई ठेवायची बरोबर त्याच जागी बोट ठेवतो.

"आवशीच्या म्हणण्यापरमान," तो सांगतो, "ह्यो मी."