वरुणेपलीकडच्या घराची अट

मंगळागौरीच्या गल्लीतून पंचगंगा घाटाकडे उतरताना परवा सकाळी ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर फुगत असल्याचा वास आला आणि माझे पाय आपोआप थांबले. काशीत हा वास दुर्मिळ आहे. येथे गव्हाचे राज्य. ज्वारीचे पीठ कोणीतरी दूरवरून गाडीने पाठवले तरच मिळते. मला तो चटकन ओळखू आला, कारण या दशकाच्या आरंभी एक बाई कचेरीतल्या माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेल्या भाकरी ठेवून गेल्या होत्या. वास गोड होता. पण त्याच्या पाठोपाठ जो संताप उसळला, तो घाटाची शेवटची पायरी आली तरी निवला नाही. गंगेत तीन बुड्या मारूनही मी दात-ओठ खातच वर आलो.

मी अर्ज लिहितो. शाळा अर्ध्यावर सुटली, तरी कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली मांडलेल्या माझ्या टेबलापाशी शिकलेसवरलेले लोकही येऊन बसतात, आणि माझ्या हातचे निवेदन वाचून साहेबांनी चष्मा काढून ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारल्याचे प्रसंग थोडे नाहीत. त्या बाई अशाच कोणाकडून माझे नाव ऐकून आल्या होत्या. यजमान रेल्वेत, बदली नागपूरहून झालेली. माणसे बौद्ध. सारनाथ जवळ म्हणून बदलीचा हुकूम त्यांनी सणासारखा साजरा केला होता. एकच खंत होती: लेक हिंदीत स्वप्ने पाहू लागली आहे, असे बाई म्हणत. शेजारी मराठी असावा, अंगणातून हाक मराठीत यावी, एवढीच त्यांची मागणी.

आणि तसे अंगण होते. वरुणा नदीपलीकडे आमच्याच मराठी ब्राह्मण मंडळींनी एक सोसायटी काढली होती. पंचगंगेच्या आसपासच्या अंधाऱ्या खोल्यांत पिढ्या घालवलेल्या कुटुंबांना ऊन-वारा मिळावा, आणि काशीत मराठी भाषा टिकावी, हा तिचा हेतू. अमृतराव घाटावरच्या सभेत तो ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते. सोसायटीतले एक वृद्ध शिक्षक मुलीकडे पुण्यास जाण्यास निघाले होते. त्यांनी या दांपत्याला घर दाखवले, चहा पाजला, मागच्या अंगणातली विहीरही दाखवली, आणि व्यवहार ठरला. मग सोसायटीच्या सचिवांनी खरेदीखतातल्या एका अटीवर बोट ठेवले. प्रत्येक घराच्या कागदात ती होती, उघड, सुवाच्य, सगळ्यांच्या सह्यांनिशी: घर विकावे अथवा भाड्याने द्यावे ते केवळ सभासदांच्या ज्ञातीतील महाराष्ट्रीय कुटुंबास, आणि तेही सोसायटीच्या संमतीने.

निबंधकांच्या कार्यालयाकडे दाद मागण्यासाठी बाई माझ्याकडे आल्या. मी नेहमीच्या थाटात मजकूर बांधला आणि शेवटी, या प्रांतातल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी येते ते वाक्य घातले: श्रीमानांची अति कृपा होईल. बाईंनी ते वाचले आणि बोट तिथेच ठेवले.

“कृपा कायले लिहिता, भाऊ?”

“तशी पद्धत असते, ताई. त्याशिवाय अर्ज उद्धट वाटतो.”

“वाटू द्या. घर विकत घेऊन राह्यलो आम्ही, मागून नाही राह्यलो. खोडा ते.”

शेजारच्या टेबलावरचे मुंशी पान चघळत हसले. “का गुरु, आज तो आपको भी पढ़ाने वाली मिल गईं!” मला राग आला, हे नाकारत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या मजकुरावर कोणी काट मारली नव्हती. पण मी ते वाक्य खोडले, अर्ज नव्याने उतरवला, आणि मागे टेकून वाचला तेव्हा दिसले की, तो माझ्या हातून उतरलेला पहिला ताठ उभा असलेला अर्ज आहे.

सचिवांना खबर लागायला वेळ लागला नाही. निवृत्त प्राध्यापक, वाणी मधाळ. माझ्या टेबलापाशी ते छत्री टेकून उभे राहिले. “अहो, तुम्ही आपल्यातले. तुम्हीच असे कागद करू लागलात तर कसे?” मी म्हटले, माणसे मराठी आहेत, तुमच्या नातवंडांपेक्षा त्यांची मुलगी चांगले मराठी वाचते. “तसा जातीचा प्रश्नच नाही हो,” ते म्हणाले, “वातावरणाचा आहे.” त्या शब्दाची मला आजही शिसारी येते. शिवी दिली असती तर निदान तोंड कोणाचे ते कळले असते. वातावरणाला तोंड नसते. दार मात्र त्याला बरोबर बंद करता येते.

कार्यालयाचे उत्तर आले: अट सभासदांनी राजीखुशीने मान्य केलेली आहे, आपसातला करार आहे, हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही. शिक्षक ‘विकीन तर यांनाच’ म्हणून काही महिने अडून बसले, मग थकले. ते घर सोसायटीने संमती देऊन एका ठेकेदाराला विकू दिले. ठेकेदार ब्राह्मण, जौनपूरकडचा. मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला. संमतीला आठवडाही लागला नाही. ज्या मराठीसाठी सोसायटी उभारली ती अडचण झाली तेव्हा गुपचूप गळून पडली, आणि जी जात कोणी उच्चारत नव्हते ती तेवढी अटीत शिल्लक राहिली. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या रडल्या नाहीत. “बरं झालं भाऊ, पोरीनं त्या अंगणात हाका नाही ऐकल्या,” एवढेच म्हणाल्या, आणि पुढल्या बदलीबरोबर ते कुटुंब नागपूरला परतले. भाकरी त्यांनी निघताना दिल्या होत्या.

काळ सारे पुसून टाकतो, असे म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मी त्या वसाहतीत जातो तेव्हा मराठी ऐकू येत नाही. मुले हिंदीत भांडतात, हिंदीतच समेट करतात. जिच्यासाठी भाषणे झाली ती भाषा गेली. जिला ती हवी होती तीही गेली. गेल्या महिन्यात तो ठेकेदार माझ्याकडे आला. घर विकायचे होते. जुना कागद पुढे करून म्हणाला, “मुंशीजी, बस नाम बदल दीजिए, बाक़ी सब यही उतार दीजिए।” मी त्या अटीवर बोट ठेवून म्हटले, हे काढून टाका. तो चकित झाला. “काहे? अच्छी चीज़ है, माहौल बना रहता है।” मी कागद परत केला. तो रागावला नाही; उठून शेजारच्या मुंशींसमोर बसला. त्यांनी पान एका गालात सारले आणि टाइपरायटर पुढे ओढला. मी कान देऊन होतो. अटीची ओळ नेमकी केव्हा आली आणि गेली, मला कळले नाही. ती टकटक कुठेही अडखळली नाही.