नेलपॉलिशची लाल खूण

वासंतीबाईंच्या घरी सकाळी सहाला फोन वाजला की तो नातेवाइकांचा नसतो, हे त्यांना बारा-तेरा वर्षांत पाठ झालं होतं. वारज्यातल्या त्या चार मजली सोसायटीत कुणाच्या नळाला गार पाणी आलं की पहिला फोन वाळिंब्यांकडे. हवे असायचे बाईंचे यजमान, अनंतराव. पण ते तोवर गच्चीवर पोचलेले असायचे. मग बाई कणकेचा हात पुसत विचारायच्या, "पाच मिनिटं नळ सोडून पाहिलात का? वरच्यांकडे गरम येतंय का? साफ गार आहे की कोमट?" सगळ्या इमारतीला गार, तर गच्चीवरच्या सोलर हीटरच्या टाकीत पाणी चढलेलं नाही. एकाच लाइनीला गार, तर त्या पाइपात हवा अडकली. आणि कोमट असेल तर कुठंतरी गार पाणी गरमात घुसतंय. बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. फोन उचलून उचलून ते डोक्यात बसलं होतं. गच्चीवर मात्र त्या फक्त पापड वाळवायला जायच्या.

अनंतराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त स्टोअरकीपर. इमारत नवी असताना पहिल्याच थंडीत सोलर बंद पडला. मेकॅनिक दोनदा आला, टाकीभोवती फिरला आणि "पार्ट मागवावा लागेल" म्हणून गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी अनंतराव माकडटोपी घालून पाना घेऊन वर गेले, एक जोड सैल केला, फुस्स करून हवा सुटली आणि मागोमाग वाफाळतं पाणी आलं. सोळा घरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बिघडलेला सोलर दुरुस्त झाला खरा, पण चांगला चाललेला माणूस त्या दिवशी बिघडला.

गच्चीवर डझनभर व्हॉल्व्ह होते. कुठला कशाचा, हे एकट्या अनंतरावांना ठाऊक. मुळातल्या कागदी चिठ्ठ्या उन्हानं कधीच उडून गेल्या होत्या. चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी हिंदुराव, ज्यांच्या वडिलांच्या शेतात ही इमारत उभी राहिली, ते दर वर्षी म्हणायचे, "काका, रंगानं नंबर टाकू की त्येच्यावर. तुमी नसताना आमाला कळाय नको?"

"नंबर वाचून सोलर चालत नसतो, हिंदुराव," अनंतराव म्हणायचे, "त्याला हात लागतो." आणि विषय संपायचा.

लेक उल्का इंदूरला. तिच्या मुलीच्या, मैनाच्या, बारशाची तिकिटं काढली होती, तेव्हा टाकी गळायला लागली. पुढं उल्काच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला निघायचं, तर जानेवारीची कडाक्याची थंडी आणि दोन लाइनींत हवा. "माणसं गार पाण्यानं आंघोळ करतायत आणि मी इंदूरला पोहे खाऊ?" अनंतरावांनी विचारलं होतं. मैना आता पाच वर्षांची झाली होती. आजी म्हणजे फोनमध्ये राहणारी बाई, अशीच तिची समजूत होती.

बाईंना एकटीला जाता आलं असतं, पण अनंतरावांना सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन लागायचं. उकळत्या पाइपाला हात घालणारा हा गडी सुईला भ्यायचा. डोळे मिटून दंड पुढं करायचा आणि सुई बाईंनी टोचायची. म्हणजे त्यांना सोलरनं बांधलेलं आणि बाईंना त्यांनी. बाईंना या दावणीचा मनापासून संताप यायचा. कधी कधी खिडकीतून गच्चीकडं जाणारे ते चार पाइप दिसले, की घराला बाहेरून गज लावल्यासारखे वाटायचे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सगळी सोसायटी म्हणायची, नशीबवान आहात, काका किती उपयोगी!

यंदा बाईंनी कुणाला न विचारता तिकिटं काढली. नरक चतुर्दशीची दुपारची इंदूरची गाडी. सकाळचं अभ्यंगस्नान घरी, पाडवा उल्काकडे. अनंतराव नाही म्हणाले नाहीत. नुसतं "बघू" म्हणाले.

आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन सुरू झाले. कोमट पाणी. दोनशे एक, तीनशे एक, चारशे एक, तिन्ही घरं एकावर एक, एकाच पाइपावरची. अनंतराव आठ दिवस गच्चीवर राबले. हवा काढली, एक व्हॉल्व्ह बदलला, तिन्ही घरांच्या न्हाणीघरांत जाऊन नळ तपासले, हिंदुरावांच्या सुनेला गरम-गार पाण्याचा मिक्सर उघडा ठेवण्यावरून व्याख्यान दिलं. पाणी कोमट ते कोमटच.

चतुर्दशीच्या पहाटे तर कहरच झाला. सगळी इमारत एकाच वेळी उठलेली, अंगाला तेल लावून, उटण्याच्या वाट्या घेऊन बसलेली. साडेपाचला तिन्ही घरांतून फोन आले. अनंतराव पाना घेऊन पळाले. जाता जाता दारातून म्हणाले, "तिकिटं रद्द करावी लागणार, बरं का. असं सोडून कसं जायचं?"

 बाई पाटावर बसून डोक्याला तेल चोळत राहिल्या. भरलेली बॅग समोर दिसत होती आणि ती पुन्हा रिकामी करायची, या विचारानं त्यांना रडू फुटलं. उठल्या आणि तशाच न्हाणीघरात गेल्या. दार लोटून घेतलं, तेवढाच एकांत.

आत कुठलाही नळ चालू नव्हता. तरी भिंतीपाशी पाणी वाहिल्याचा खळखळ आवाज येत होता. बाईंनी मिक्सरखालच्या गरम पाण्याच्या नळीला हात लावला. ती बर्फासारखी गार लागली.

महिन्याभरापूर्वी अनंतरावांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, म्हणून त्यांनी हातात धरायचा शॉवर आणला होता. गेल्याच आठवड्यात तो स्वतः बसवला. रोज गरम-गार जुळवताना बादलीभर पाणी वाया जातं, हे त्यांना सोसेना. म्हणून एकदाच बेताचं पाणी जुळवलं, दोन्ही चाव्यांवर लाल खुणा केल्या, चाव्या तशाच उघड्या सोडल्या आणि शॉवरच्या दांड्यावरचं बटण तेवढं बंद ठेवायला लागले. तोंड बंद, पण आत दोन्ही वाटा उघड्या. गार पाणी चोवीस तास तिथून गरम लाइनीत घुसत होतं. तीन घरं तक्रार करत होती आणि त्या पाइपावरचं चौथं घर, खालचं एकशे एक, आपलंच. तिथं तपासायचं अनंतरावांच्या मनातही आलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही चाव्या करकचून बंद केल्या. खळखळ थांबली. दहा मिनिटांत चारशे एकचा फोन, "काकू, आलं! चटका बसतोय! काकांना सांगा, लाडू पाठवते."

अनंतराव विजयी मुद्रेनं खाली आले. "हवा धरली होती. काढली."

बाईंनी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि लाल खुणेवर बोट ठेवलं. अनंतरावांनी वाकून दोन्ही चाव्या पाहिल्या. मग उंबऱ्यावरच बसले. त्यांचा चेहरा असा कधी पडलेला बाईंनी पाहिला नव्हता.

"कुणाला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले.

"नाही सांगत. पण गाडी तीनची आहे."

"अगं, आपण गेलो आणि त्यांचं सगळं नीट चाललं तर?" अनंतराव म्हणाले. "रिटायर झाल्यावर मला दुसरं कोण विचारतं?"

बाईंना त्यांची कीव आली आणि राग तर अजिबात गेला नाही. म्हणजे सोलरनं यांना बांधलेलं नव्हतंच. यांनीच सोलर घट्ट धरून ठेवला होता, आणि त्या मुठीत आपण. "मी विचारते की. सहा वर्षं विचारतेय, इंदूरला चला म्हणून," त्या म्हणाल्या.

त्यांनी फळीवरची नेलपॉलिशची बाटली उचलली. चाव्यांवर खुणा केल्या त्याच बाटलीतून. उल्का लग्न होऊन जाताना इथं विसरलेली. अंघोळ उरकून, ती बाटली घेऊन बाई गच्चीवर गेल्या. अनंतराव मागोमाग आले. "हा कशाचा?" बाई प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून विचारत. पहिल्या तीन व्हॉल्व्हांच्या वेळी अनंतराव पाठ फिरवून उभे राहिले. बाईंनी अंदाजानं आकडे घातले.

"तो दोन नंबर नव्हे," शेवटी अनंतरावांना राहवेना. "पूस. तो हवेचा." मग त्यांनी गुडघा धरून खाली बसत बाटली आपल्या हातात घेतली. बाराच्या बारा झाले.

दुपारी रिक्षा आली. हिंदुराव बॅग उचलायला खाली उतरले होते. बाईंनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला. कोणत्या आकड्याचा व्हॉल्व्ह कशाचा, पाणी गार असेल तर काय बघायचं, कोमट असेल तर काय. शेवटची ओळ अधोरेखित होती, 'आधी स्वतःच्या घरातला मिक्सर बघावा.' अनंतराव ती ओळ वाचून रस्त्याकडं बघू लागले.

"लई भारी काम केलं, काकू. मग परत कवा येनार?" हिंदुरावांनी विचारलं.

"पाडवा, भाऊबीज झाली की लगेच..." अनंतराव सुरू झाले.

"जायचीच तिकिटं काढलीत," वासंतीबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

अनंतरावांनाही ते तेव्हाच कळलं.