डब्यापुढची प्रार्थना

आमची मैत्री न खाल्लेल्या बुंदीवरून जुळली. इकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या ज्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करतो, तिथे विश्वकर्मा पूजेला सगळ्या मशिनींना हार चढतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात बुंदीचा पुडा येतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो पुडा धरून मागे भिंतीशी उभा होतो. आमच्या घरी पूजेचं खात नाहीत, आणि नव्या माणसाला नको म्हणायला तोंड होत नाही. शेजारी लॅबमधलेच एक गृहस्थ, माझ्याहून वयाने बरेच मोठे, तसाच पुडा धरून उभे होते.

"तुमी काहून नाही खाऊन राहिले?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमी ख्रिश्चन. अन् तुमी?"

"आमी बौद्ध."

बाहेर पडताना त्यांनी दोन्ही पुडे गेटवरच्या चौकीदाराला दिले. "भैया, हर साल ऐसे ही देना," तो खूश होऊन म्हणाला. आम्ही खरंच दर साल देत आलो.

त्यांचे आजोबा रेल्वेत, माझेही रेल्वेत, दोघेही विदर्भातून आलेले. माझी बायको जबलपूरची, त्यामुळे घरात हिंदी, चर्चमध्ये उपासना हिंदीत, बसमध्ये हिंदी. पोटातली मराठी बाहेर काढायला मला दुपारच्या डब्याची वेळ तेवढी उरली होती, आणि समोर हे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, तेही मला भाऊच म्हणायचे.

डबा उघडला की मी डोळे मिटून प्रार्थना करतो. लहानपणापासूनची सवय. पहिल्या दिवशी आमेन म्हणून डोळे उघडले तर भाऊ पोळीला हात न लावता बसलेले. मी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. समोरचा मान खाली घालून बसलेला असताना आपण घास घ्यावा हे त्यांना बरं दिसेना, एवढंच. मग ते रोजच थांबू लागले.

आमेननंतर वाद सुरू व्हायचा. भाऊंचं वाचन दांडगं, आणि त्यांचे प्रश्न माझ्या उत्तरांपेक्षा जड असत. "देव हाये तर मंग लेकरं उपाशी काहून मरतात?" भेंडीची भाजी पोळीत घेत ते विचारायचे. माझ्या नाकावर राग. मी सुरू झालो की सायरन होईपर्यंत थांबत नसे. त्यांचा आवाज कधी चढला नाही, माझा कधी उतरला नाही.

त्या सुमारास आमच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं की, विश्वासाची साक्ष रोजच्या बोलण्यातून द्या, भाषणं ठोकू नका. त्यातलं पहिलं वाक्य मला पटलं, दुसरं मी ऐकलंच नाही. वादात भाऊ मधेच प्रश्न टाकतात, प्रार्थनेत टाकू शकत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. झालं. माझी प्रार्थना लांबू लागली. "हे प्रभू, जे केवळ आपल्या बुद्धीवर विसंबून राहतात, त्यांचे डोळे उघड. जे सत्याजवळ बसूनही सत्य ओळखत नाहीत, त्यांना ओळख दे." शुद्ध, लहानपणी पाठ केलेल्या बायबलच्या मराठीत. भाज्या गार व्हायच्या. देवाला पुढे करून मी माझंच घोडं दामटत होतो.

एक दिवस आमेन झाल्यावर भाऊंनी शांतपणे विचारलं, "हे तुमी देवासंग बोलले का माह्यासंग?"

मी पोळीचा तुकडा मोडायला घेतला.

"माह्यासंग बोलाचं असन तर डोळे उघडून बोला ना, भाऊ. मी इथंच तर बसलो हाये. त्याले काहून मधात आणता?"

मला असा राग आला की तो डबा मी निम्माच खाल्ला. संध्याकाळी बस तेलीबांध्याच्या तलावाजवळ आली तेव्हा मात्र खिडकीशी बसून मी एकटाच हसत होतो. बरोबर पकडलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना दोन ओळींवर आली, आणि बोलणं सुधारलं. पटवायचं नसलं की माणूस खरं बोलतो. मला काय कळत नाही तेही मी सांगू लागलो. ते मला सांगायचे, दुःख आहे हे आधी कबूल करा, मग पुढचं बोलू. मी त्यांना सांगितलं की मित्र मेला तेव्हा येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला होता. भाऊंनी घास खाली ठेवला.

"रडला?"

"हव."

"हे मले पटलं," ते म्हणाले. "रडते त्याच्याजवळ बसता येते. बाकीचं पाहू."

बाकीचं ते अजून पाहतच आहेत. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, येताना माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणतात. चर्चमध्ये मला अजून विचारतात, तुमच्या त्या मित्राचं पुढे काय झालं? मी चिडतो. आपल्याकडे आजकाल धर्माचं नाव काढलं तरी लोक कान टवकारतात, आणि आमचे लोक हिशेब मागतात. काय झालं ते सांगायचं तर त्यांचं नाही, माझं झालं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोला दिवस गेले. भाऊ रोज डबा उघडण्याआधी तिची तब्येत विचारायचे, त्यांच्या घरून वहिनींनी रव्याचे लाडू पाठवले. चर्चमधल्या बाया आमच्यासाठी गुडघे टेकून बसायच्या. मी भाऊंना छाती फुगवून म्हणालो होतो, पाहा, ऐकतो की नाही. ते हसून म्हणाले होते, चांगलंच हाये.

सातव्या महिन्यात बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी होती. तिने श्वासच घेतला नाही. गुंडाळायला एवढंसं कापड पुरतं हे मला माहीत नव्हतं.

परत कामावर गेलो त्या दुपारी मी डबा उघडला आणि सरळ खायला सुरुवात केली. कुणाचे आभार मानायचे, आणि कशाचे? दोन घास झाल्यावर पाहिलं तर भाऊ बसलेलेच. त्यांची पोळी तशीच.

"जेवा ना," मी म्हणालो.

"तुमचं व्हाचं हाये अजून."

"मी सोडलं ते."

सायरन झाला, त्यांनी भरलेला डबा बंद केला. भाऊंना साखरेचा आजार आहे. वेळेवर पोटात काही गेलं नाही की हात कापतात, हे आख्ख्या लॅबला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी जेवलो, ते बसून राहिले. दुपारी सॅम्पलची बाटली धरताना त्यांचा हात थरथरताना मला दिसला आणि माझं डोकं फिरलं.

पुढच्या दुपारी मी त्यांच्यावर ओरडलोच. "तुमी तर मानतच नाही देवाले. मंग हे नाटक काहून?"

"मी नाही मानत," ते म्हणाले. "पण तुमी मानत होते, ते मी रोज पाह्यलं हाये. देवाचं मले माहीत नाही. तुमचं माहीत हाये. तुमी त्याच्यासंग भांडा, बोलणं काहून सोडता?"

"मले शब्द नाहीत, भाऊ."

"नसू द्या. मी थांबतो."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हा माणूस इथे कोसळला तरी जेवणार नाही, हे मला दिसत होतं, आणि त्याची भीती वाटली. मी डोळे मिटले. बायबलची मराठी आठवेना. तोंडातून निघाली ती घरची बोली, जिच्यात मी देवाशी कधीच बोललो नव्हतो.

"देवा, मी तुह्यावर लय रागात हाये. माही पोट्टी तू काहून नेली, मले समजत नाही. मी तुले माफ नाही करून राहिलो. समोर भाऊ उपाशी बसले हायेत. त्याईले जेवू दे."

पुढे मी रडलोच. पोरीसाठी मी तोवर रडलो नव्हतो. लोक ये-जा करत होते, कुणी थांबलंही असेल. आमेन म्हणायचं राहून गेलं.

"हव," भाऊ म्हणाले.

त्यांनी आपल्या डब्यातली पोळी मोडली, अर्धी माझ्या हातात ठेवली, आणि मी खातो की नाही ते पाहत बसले.